पाचवीचं सूप

प्रेरणाच्या नाकावर राग असतो, असं तिच्या वस्तीत, तिच्या हॉस्टेलात आणि आता दवाखान्यातसुद्धा सगळे सांगतात. सांगू देत. राग आपल्या पायानं चालत येऊन कुणाच्या नाकावर बसत नाही, तो कुणीतरी आणून ठेवावा लागतो. प्रेरणाच्या घरात तर तो तिच्या जन्माच्या आधीपासून मुक्कामाला होता.

तिची आजी भागाबाई गावची सुईण. गाव आळंद तालुक्यातलं, मादन हिप्परग्याहून जीपनं अर्ध्या तासावर. बोलणं मराठी, दुकानाच्या पाट्या कन्नड. सुईणपण कुणाकडं असावं याची रीत गावोगाव निराळी असते. या गावात नाळ कापायचं काम प्रेरणाच्या वस्तीकडं होतं. वस्ती बौद्ध झाली, जुनी कामं एकेक करून सुटली, पण हे एक काम भागाबाईच्या हाताला चिकटून राहिलं. पाटलाच्या घरात कुणाला कळा सुरू झाल्या की माणूस पळत यायचं, "भागाबाई, चल लवकर." मग भागाबाई ओसरी, माजघर ओलांडून थेट आतल्या खोलीत. बाळ तिच्या हातात यायचं, बाळामागून पडणारी वार ती पुरायची, बाळंतिणीला न्हाऊ तीच घालायची. घर तसंही विटाळातच असायचं, तिच्या येण्यानं आणखी काय बिघडणार होतं?

पाचव्या दिवशी पाचवी. सटवाईची पूजा झाली की सुपात ज्वारी, नारळ, खण, गुळाचा खडा आणि वर एक भाकरी घालायचे. ते सूप लांबूनच भागाबाईच्या पदरात रिकामं करायचे. मग घर सारवायचं, गोमूत्र शिंपडायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून तीच भागाबाई उंबऱ्याबाहेर. जे पोर पहिल्यांदा तिच्या हातात रडलं, ते पोर चालायला लागलं की घरातले त्याला शिकवायचे, तिला शिवू नको. आणि या सगळ्याला गाव सुईणीचा मान म्हणायचं. ऐकूनच डोकं फिरावं अशी गोष्ट, पण गावात कुणाचं फिरलं नाही.

फिरलं ते भागाबाईच्या पोराचं. रत्नपाल बसचा कंडक्टर झाला, आळंद ते गुलबर्गा गाडीवर लागला आणि त्याच महिन्यात त्यानं आईला सांगून टाकलं, उद्यापासून कुणाच्या बाळंतपणाला जायचं नाही. त्याचा बाप नरसिंग तेव्हा होता, त्यानंही मान हलवली. भागाबाई थांबली. तिला काय वाटतं ते दोघांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

अशा या रत्नपालाची एकुलती एक लेक बारावी झाली आणि म्हणाली, "बाबा, मी नर्सिंगला जायलाव." रत्नपाल जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

"कामून? दुसरं काई न्हाई का जगात? जे काम मी माझ्या आईच्या हातातनं काढलाव, त्याच कामाला तू शिकून जायलीस?"

"काम वाईट न्हाई बाबा. करून घेनारे वाईट हायत. मी परीक्षा देऊन, सरकारात नाव लावून नर्स व्हनार. मग कोन म्हनतंय बघू."

"म्हननारे म्हनतेतच," रत्नपाल म्हणाला. बराच वेळ त्यानं हात धुतला. पोरगी आपल्यावर गेली आहे हे त्याला ठाऊक होतं, आडवं आलं तर पाडून जाईल. शेवटी तो म्हणाला, "जा. पन माझी एक गोष्ट ध्यानात ठेव. ज्या दिवशी कुनी तुला उंबऱ्याबाहेर उभं करंल, त्या दिवशी त्याच पावली घरी यायचं. पुढं शिकायचं न्हाई." प्रेरणानं हो म्हटलं. त्या वेळी तिला ही अट फार सोपी वाटली होती.

गुलबर्ग्यात नर्सिंगच्या शाळेत तिचं बरं चाललं. ती हुशार होती असं नाही, पण चिवट होती. कन्नडातले धडे मराठीत पाठ करायची आणि परीक्षेत पुन्हा कन्नडात लिहायची. इंजेक्शन द्यायला हात कापायचा तर संत्र्यावर सुया टोचून टोचून तिनं खोलीतली सगळी संत्री वाया घालवली. आणि एका संध्याकाळी, मुली आपापल्या घरच्या गोष्टी सांगत बसल्या असताना, तिनंही सांगितलं की आमची आजी सुईण होती, अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली आहे. अभिमानानं सांगितलं. तीन वर्षांत तिनं केलेली घोडचूक म्हणायची तर ती हीच.

तिसऱ्या वर्षी प्रसूतीच्या खोलीत काम लागलं. तिथली रीत अशी की चौघी मुली मिळून एक बाळंतपण करायच्या. एकीनं बाळ हातात घ्यायचं, दुसरीनं ते पुसून गुंडाळायचं, तिसरीनं आईचं रक्त, नाडी बघायची आणि चौथीनं वार बघायची. वार पूर्ण पडली का, तुकडा आत राहिला नाही ना, हे उलटसुलट करून बघायचं, मग पिवळ्या पिशवीत भरायची आणि टेबल धुवायचं. काम जोखमीचं, तुकडा आत राहिला तर बाई रक्त जाऊन मरते. चौघींनी आळीपाळीनं करायचं असं शिकवलेलं होतं. पण प्रेरणाच्या वाट्याला पहिल्या दिवशी वार आली, दुसऱ्या दिवशी वार आली आणि आठवडा संपला तरी वारच येत राहिली.

"आज मी बाळ घेनार," ती म्हणाली.

तिच्या गटात पल्लवी होती, बीदरच्या नौबादची, बरी घरंदाज, स्वभावानं वाईट मुळीच नाही. ती अगदी सहज म्हणाली, "असू दे गं. आम्हाला त्याची किळस यायलीय. तुला सवय असंल ना, तुझी आजी हेच करायची म्हनलीस की."

वाईट मुली असत्या तर प्रेरणा भांडण काढून मोकळी झाली असती. पल्लवीला तर आपण काही बोललो हेच कळलेलं नव्हतं. ती केस टोपीखाली खोचत होती. प्रेरणाची कानशिलं तापली. तिनं हातमोजे काढून आपटले आणि सरळ यल्लम्मा सिस्टरपुढं जाऊन उभी राहिली.

यल्लम्मा सिस्टर त्या खोलीच्या मुख्य. कन्नड, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात मिसळून बोलायच्या आणि तिन्ही भाषांत रागवायच्या. प्रेरणानं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेरे कू कौन बोले वारच देखना करके? मला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं, तूच मागून घेतेस." मग मुलींकडं वळून त्यांनी जो आवाज चढवला, तो बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांपर्यंत गेला. "आजपासून ही बाळ घेणार. वार पल्लवी बघणार. बा इल्ली, इकडं ये, हात धू."

आणि पुढची बाई आत आली ती प्रेरणाच्या गावची निघाली. आप्पाराव पाटलाची सून ज्योती. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, हे दुसरं म्हणून सासरी, आणि तालुक्याच्या दवाखान्यानं बाळाचे ठोके कमी लागतात म्हणून गुलबर्ग्याला धाडलेली. तिची सासू नागूबाई बाहेर बाकावर देवाचं नाव घेत बसली होती.

ज्योतीनं प्रेरणाचा हात धरला तो सोडलाच नाही. तिच्या बांगडीचा व्रण प्रेरणाच्या मनगटावर उठला. "अक्का, मला सोडून जाऊ नको," ती म्हणत होती, वयानं प्रेरणाहून मोठी असून. डोकं बाहेर आलं तेव्हा गळ्याभोवती नाळेचा वेढा होता. सैल होता. यल्लम्मा सिस्टर मागं उभ्या होत्या, पण त्यांनी हात पुढं केला नाही, नुसतं म्हणाल्या, "डोक्यावरून काढ. घाई नको." प्रेरणानं बोट घालून वेढा डोक्यावरून काढला. मग खांदा आला, मग सगळं बाळ एकदम तिच्या हातात घसरलं आणि रडलं. मुलगा होता. तिनं चिमटे लावले, नाळ कापली. तिला रडू आलं आणि मास्क होता म्हणून बरं झालं असं वाटलं. बाहेर नागूबाईनं नातू झाल्याचं ऐकलं आणि समोर दिसेल त्याच्या हातावर साखर ठेवली.

बाळाला थोडी कावीळ दिसली म्हणून त्यांना थांबवून घेतलं आणि पाचवी वॉर्डातच आली. नागूबाईनं खाटेखाली एक दगड मांडून हळद-कुंकू वाहिलं. नर्सा तिकडं काणाडोळा करतात, गुलबर्ग्याच्या दवाखान्यात हे नेहमीचंच. प्रेरणा बाळाचं वजन करायला आली तेव्हा पूजा झाली होती. नागूबाईनं तिला निरखून बघितलं आणि तिचं तोंड उजळलं.

"अगं, तू भागाबाईची नात न्हव्हं? व्हय गं! माझ्या धनराजाची नाळ तुझ्या आजीनंच कापली. आन् त्याच्या लेकाची तू. काय योग म्हनायचा बाई!"

असं म्हणून तिनं पिशवीतून सूप काढलं. गावाहून मुद्दाम आणलेलं, नवं कोरं. त्यात ज्वारी होती, नारळ, हिरवा खण, गुळाचा खडा आणि वर भाकरी. म्हातारीनं ते दोन खाटांच्या मधल्या वाटेत जमिनीवर ठेवलं आणि दोन पावलं मागं सरली.

"घे पोरी. तुमचा मान हाय. पदरात घे."

प्रेरणाच्या अंगावर पांढरा गणवेश होता. पदर कुठला आणायचा? नागूबाई वाट बघत होती आणि तिच्या नजरेवरून कळत होतं की ही पोर आता ॲप्रनचा सोगा पुढं करील. बाकीच्या खाटांवरच्या बाया, त्यांच्या सासवा, दारातली पल्लवी, सगळ्या बघत होत्या. नागूबाईच्या तोंडावर निव्वळ आनंद होता. तिनं शिवी दिली असती तर प्रेरणाला सोपं गेलं असतं. हे फार अवघड होतं.

प्रेरणा वाकली, तिनं सूप उचललं आणि नागूबाईपुढं धरलं. "अक्का, द्यायचं तर हातात द्या."

"हातात?" नागूबाई खरंच गोंधळली. "हातात कसं देऊ बाई? तुला ठावं न्हाई का?"

"पाच दिवसांमागं तुमच्या सुनंला ह्योच हात चालला. तुमच्या नातवाच्या गळ्यातली नाळ ह्याच हातानं काढली. आज कामून चालंना?"

तिनं सूप नागूबाईच्या हातांत ठेवायला पुढं केलं. नागूबाईनं भाजल्यासारखे हात मागं घेतले. सूप मधल्यामध्ये पडलं. ज्वारी खाटांखाली पसरली, भाकरी उलटी पडली, नारळ गडगडत दारापर्यंत गेला.

हात मागं कुणी घेतला हे वॉर्डातल्या प्रत्येकीनं पाहिलं होतं. तासाभरात गोष्ट अशी झाली की नर्सिंगच्या पोरीनं पाचवीचं सूप लाथाडलं. संध्याकाळपर्यंत आप्पाराव पाटील शाळेच्या प्राचार्यांपुढं जाऊन बसले. पाटलांचा एक पाहुणा शाळेच्या मंडळावर होता, आणखी काय पाहिजे? कावीळ उतरली तशी ज्योती आणि बाळ घरी गेले आणि प्रेरणाला ऑफिसात बोलावणं आलं.

प्राचार्य शिवशंकरप्पा तोंडाचे गोड. खुर्चीवर बस म्हणाले. "अम्मा, जात कुणी काढली? कुणीच नाही. म्हातारीनं भेट दिली, तू ती सांडलीस. अन्नाचा अपमान केलास."

"सर, हात त्यांनी मागं घेतला."

"तेच ते. तुझी खेड्यातली पोस्टिंग लागायचीच आहे. ती पुरी झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि कुणाला कुठं पाठवायचं ते मी ठरवतो. तुला तुझ्याच गावच्या आरोग्य केंद्रावर टाकतो. पहिल्या दिवशी पाटलांच्या घरी जायचं आणि त्या माउलीच्या पाया पडून यायचं. त्यांचा फोन आला की तुझ्या परीक्षेच्या कागदावर माझी सही." एवढं बोलून त्यांनी तिला चहा विचारला. प्रेरणानं चहा घेतला नाही, दार मात्र ऑफिसची काच हलेल असं ओढलं.

त्या रविवारी ती घरी गेली तेव्हा रत्नपालाला सगळं आधीच कळलेलं होतं. कंडक्टरला गावची बातमी विचारावी लागत नाही, लोक तिकिटाबरोबर देऊन जातात. तो दारातच उभा होता, खाकी कपडेसुद्धा उतरवले नव्हते.

"पेटी आनलीस का?"

"न्हाई."

"मग उद्या माझ्यासंगं चल, हॉस्टेलातनं पेटी आनू. बोलन्यात ठरलं हुतं आपलं. पाया पडायला लावायलेत तुला! माझ्या आईला लांबनं भाकर टाकली त्या घरानं, आन् तू त्यांच्या पाया पडनार? तीन वर्सं गेली तर जाऊ देत. दुसरं काईबी शीक."

"बाबा, परीक्षा तोंडावर हाय. आत्ता सोडलं तर मी कोन? आजीच्या वक्ताची सुईनच की. तिला निदान काम यायचं म्हनून गाव बोलवायचं. मला कोन बोलवंल?"

"नको बोलवू देत!"

दोघं इतके ओरडत होते की शेजारची माणसं भिंतीशी आली. भागाबाई आत तांदूळ निवडत बसली होती. तिला कमी ऐकू येतं, पण एवढा आवाज कुणालाही ऐकू आला असता. तिनं ताट खाली ठेवलं आणि भिंतीला धरून उठली. प्रेरणाला वाटलं, आजी आता आपली पाठ थोपटणार.

"ज्वारी सांडलीस?" भागाबाईनं विचारलं.

"आजी, त्यांनी हात..."

"ज्वारी सांडू ने. ज्वारीनं काय केलं तुझं?" मग ती पोराकडं वळली आणि तिचा आवाज चढला. आयुष्यभर खालच्या आवाजात बोललेली बाई ती, त्या दिवशी तिचा आवाज फाटला. "आन् तू रे? तू मला बाहेर काढलास, लई मोठं काम केलास म्हनून गावभर सांगत फिरलास. मला इचारलास का? माझं काम काढलास, उंबरा काढलास का? त्यो हाय की तिथंच! पाच दिस तरी मी त्या घरात जायची, आतल्या खोलीत बसायची, मला सगळं म्हायत हुतं त्या घरातलं. तू काम सोडवलास आन् ते पाच दिसबी गेले. उंबरा त्यांच्याकडंच ऱ्हायला. आता हिलाबी घरी आन. मग त्यांना काय, बरंच झालं की! इटाळ घालवायला गोमूत्रबी लागायचं न्हाई."

 पंचवीस वर्षांत आईनं या गोष्टीवर तोंड उघडलं नव्हतं आणि रत्नपाल समजत होता की ती खूश आहे. तो आत गेला आणि त्यानं कपडे बदलले. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "तुला कळंल तसं कर." पण अट त्यानं तोंडानं मागं घेतली नाही.

दिवस उन्हाळ्याचे होते. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी प्रेरणानं इस्त्रीचा गणवेश घातला, खांद्याला तपासणीच्या सामानाची पिशवी अडकवली आणि पाटलाच्या घराकडं निघाली. भागाबाई काठी टेकत मागं आली. "मला बघायचंय," एवढंच ती म्हणाली आणि समोरच्या लिंबाखालच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

आप्पाराव पाटील ओसरीवर होते. नागूबाई माजघराच्या उंबऱ्यात उभी होती, पलीकडच्या बाजूला. उंबऱ्याच्या अलीकडं एक पोतं अंथरून ठेवलं होतं. "बस तिथं," पाटील म्हणाले. "सर म्हनले तू येनार म्हनून. चल, आटप."

प्रेरणा पोत्यावर बसली नाही. काय बोलायचं ते तिनं ठरवलंही नव्हतं. ती उंबऱ्याशी गेली. नागूबाई घाईनं म्हणाली, "तिथनंच नमस्कार कर गं. लांबनं चालतंय."

आणि तिथं प्रेरणाला वाट दिसली.

"तुमाला चालतंय अक्का, सरांना चालत न्हाई," ती म्हणाली. "सरांनी सांगितलंय, पाया पडून ये. लांबनं पडलेलं पाया पडनं व्हतंय का? उद्या तुमी फोनवर सांगनार, पोरगी पाया पडलीच न्हाई म्हनून."

तिनं चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला. नागूबाई मागं सरली. प्रेरणा वाकून पुढं आली. नागूबाई आणखी मागं सरली, "अगं ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे, मिळाली माफी," म्हणत. प्रेरणा हात पुढं करून चालतच राहिली. माजघर संपलं, देवघराचा कोनाडा गेला, धान्याच्या कोठ्या गेल्या आणि आतल्या खोलीच्या भिंतीला नागूबाईची पाठ लागली. आता मागं जागाच नव्हती. प्रेरणानं गुडघे टेकले आणि म्हातारीचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी घट्ट धरले. जोडव्यांसकट. कपाळ टेकलं.

"ज्वारी सांडली, ज्वारीची माफी मागते," ती म्हणाली. "दुसऱ्या कशाची मागत न्हाई."

  ओसरीवरून आप्पाराव ओरडत होते, पण ओरडायचं काय? पाया पडायला त्यांनीच बोलावलं होतं. बाजेवर ज्योती बसलेली होती, मांडीवर बाळ.  तिनं सासूकडं बघितलं नाही, सासऱ्याकडं तर नाहीच. तिनं बाळाची कुंची सोडली आणि बाळ प्रेरणापुढं केलं.

प्रेरणानं हात धुतले. बाळाचे डोळे बघितले, पांढरे झाले होते. बेंबी सुकली होती. झोळीच्या काट्यावर वजन केलं, ज्योतीचा ताप बघितला, टाके दुखतात का विचारलं. सगळं नीट, शिकवलं तसं. मग पिशवी आवरून बाहेर आली, चपला घातल्या आणि लिंबाच्या कट्ट्यापर्यंत गेली. तेवढ्यात मागं आवाज झाला. घागर फरशीवर उपडी केल्याचा, आणि मग खराट्याचा. उंबऱ्याखालून पाणी वाहत ओसरीवर आलं. आतल्या खोलीपासून दारापर्यंत, जिथं जिथं तिचे पाय लागले होते, तेवढी शहाबादी फरशी नागूबाई धुऊन काढत होती.

भागाबाईनं ते पाणी बघितलं. तिला नवीन नव्हतं. "चल," ती म्हणाली, काठी शोधत.

प्रेरणा वळली आणि परत गेली. चपला काढून, ओल्या फरशीवरून, पावलं उमटवत थेट आतल्या खोलीपर्यंत. "थर्मामीटर ऱ्हायलं," ती मोठ्यानं म्हणाली. थर्मामीटर तिच्या खिशात होतं. नागूबाई खराटा धरून उभीच राहिली. जाताना प्रेरणा तिच्यापुढं थांबली.

"अक्का, बाळ काविळीतनं उठलंय. मला रोज यावं लागनार हाय, माझी पोस्टिंगच हाय ती. तुमच्या नळाला चार दिवसांनी पानी येतंय. आपन बघू, आधी तुमचं पानी सरतंय का माझे पाय थकतेत."

आप्पारावांनी प्राचार्यांना फोन केला आणि अडकले. पोरगी पाया पडली का, असं तिकडून विचारलं, तर खोटं कसं बोलणार? ती वाकून आत शिरली हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. शिवशंकरप्पांनी शाब्बास म्हणून सही केली. पोरीला आमच्या घरी यायला मनाई करा असं पाटलांना सांगायचं होतं, पण कारण काय देणार? तेवढं तोंडातून काढायला त्यांना जमलं नाही. आजकाल ते तोंडातून काढलं तर पोलीस येतात, नुसतं पाण्यानं धुतलं तर कुणी येत नाही.

प्रेरणा दुसऱ्या दिवशी गेली. फरशी धुतली गेली. तिसऱ्या दिवशी गेली, धुतली गेली. रोज भागाबाई कट्ट्यावर येऊन बसायची आणि खराट्याचा आवाज ऐकायची. संध्याकाळी रत्नपाल विचारायचा, "आजबी?" आणि प्रेरणा म्हणायची, "आजबी." तो दात चावायचा, पण पेटी आण म्हणायचा नाही.

मग एकदा नळाची पाळी चुकली. कुठं पाइप फुटला म्हणे, सगळं गाव घागरी घेऊन वणवण फिरत होतं. प्रेरणा गेली तेव्हा पाटलाच्या घरात एकच घागर भरलेली होती, प्यायची. तिनं बाळाचं वजन केलं, चांगलं वाढलं होतं. ज्योतीनं तिला बसायला बाजेवर जागा केली. निघताना प्रेरणा उंबऱ्याबाहेर थांबली आणि मागं वळून बघत राहिली. नागूबाई घागरीजवळ उभी होती. तिनं घागरीकडं बघितलं, मग फरशीकडं, मग रडायला लागलेल्या नातवाकडं.  मग घागरीवर झाकण ठेवून ती बाळाला घ्यायला आत गेली.

प्रेरणाला वाटलं होतं, या दिवशी आपल्याला बरं वाटेल. नाही वाटलं. म्हातारीचं मन बदललं नव्हतं, नळ आला नव्हता, एवढंच. हे कळून तिचा राग उलट वाढला. ती तरातरा कट्ट्याशी आली.

"काय गं?" भागाबाईनं विचारलं. "आज आवाज न्हाई आला."

"पानी न्हाई त्यांच्याकडं."

भागाबाई उठली. काठी टेकत रस्ता ओलांडून पाटलाच्या ओसरीवर चढली आणि उंबऱ्याशी थांबली. पंचवीस वर्षांत ती तिथवर आली नव्हती, आणि पाचवी होऊन गेल्यावर आत तर ती आयुष्यात कधीच गेली नव्हती.

"थांब जरा," ती नातीला म्हणाली, आणि चपला काढायला वाकली. "फरशी कोरडी हाय तवर मीबी बाळाला बघून येते."